बोटीचे इंजिन तापते आणि कूलंट कमी होते: दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

मिरकरवाडा असो, हर्णे असो की देवगड, तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मिस्त्रीकडे येतो तेव्हा बहुधा एकाच वाक्यात दोन तक्रारी सांगतो: इंजिन तापते आणि ते थंड ठेवणारे टाकीतले पाणी, म्हणजे कूलंट, कमी होते. ऐकणाराही त्या दोन्ही एकच मानतो, टाकी भरून देतो, फार तर इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) बदलतो आणि बोट पुन्हा समुद्रात जाते. वास्तविक या दोन घटनांपैकी आधी कोणती घडली हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. पाणी कमी झाल्यामुळे इंजिन तापले, की इंजिन तापल्यामुळे पाणी उकळून बाहेर फेकले गेले? पहिल्या बाबतीत गळती शोधावी लागते आणि दुसऱ्या बाबतीत उष्णता बाहेर का जात नाही हे पाहावे लागते. दोन्हींचे शोध वेगळ्या ठिकाणी सुरू होतात.

हे ठरवण्याचा मार्ग सोपा आहे, फक्त त्याला थोडा धीर लागतो. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सुरू करण्यापूर्वी हेडर टाकीतील, म्हणजे इंजिनावरच्या कूलंटच्या टाकीतील, पातळी पट्टीने मोजून वहीत लिहावी. प्रवासात तापमान नेहमीइतकेच राहिले आणि तरीही दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली आढळली, तर गळती आधीची आहे. पातळी सकाळी बरोबर होती, वाटेत आधी तापमापकाचा काटा चढला आणि नंतर झाकणातून पाणी बाहेर आले, तर दोष शीतकरणाचा आहे आणि पाण्याची घट हा त्याचा परिणाम आहे. वही नसेल तर तांडेलाच्या आठवणीवर विसंबावे लागते, आणि आठवण अशा वेळी फारशी विश्वासार्ह नसते.

पाण्याचे दोन मार्ग

कोकण किनाऱ्यावरील बऱ्याच ट्रॉलरमध्ये ट्रकच्या इंजिनाला समुद्री रूप दिलेली सहा सिलिंडरची डिझेल इंजिने असतात. अशा इंजिनात पाण्याचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. गोड्या पाण्याचा, म्हणजे कूलंटचा, मार्ग बंदिस्त असतो. इंजिनावरील पंप हे पाणी ब्लॉक (इंजिनाचे मुख्य धड) आणि हेड (त्यावर बसणारा भाग) यांतून फिरवतो, थर्मोस्टॅट त्याचे तापमान सांभाळतो आणि हीट एक्स्चेंजरमध्ये ते आपली उष्णता सोडून देते. खाऱ्या पाण्याचा मार्ग उघडा असतो. बोटीच्या तळातील सी-कॉकमधून, म्हणजे उघडता-बंद करता येणाऱ्या तोटीतून, समुद्राचे पाणी आत येते, स्ट्रेनरमधून गाळले जाते, रबरी इम्पेलरचा पंप ते ढकलतो, ते ऑइल कूलर, गिअरबॉक्स कूलर आणि हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून जाते आणि शेवटी बोटीच्या कडेने किंवा एक्झॉस्टमधून बाहेर पडते.

काही बोटींमध्ये हीट एक्स्चेंजरऐवजी तळाबाहेर बसवलेल्या नळ्या असतात आणि कूलंट त्यांतूनच फिरून समुद्राच्या पाण्याने थंड होतो. त्या बोटींत खाऱ्या पाण्याचा पंप बिघडण्याचा प्रश्न मुख्य इंजिनापुरता उरत नाही, पण नळ्यांवर शिंपले-कालवे वाढली, खाडीचा चिखल बसला किंवा रंगकाम करणाऱ्याने त्यांवर रंगाचे जाड थर चढवले, तर उष्णता आतच अडकते. जुन्या लहान इंजिनांत समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलेले असते. ती इंजिने मुद्दामच कमी तापमानावर चालवतात, कारण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे खाऱ्या पाण्यातील क्षार आतल्या भिंतींवर वेगाने बसू लागतात. आउटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनावर, कडेने पडणारी बारीक धार हाच तपासणीचा पहिला दाखला असतो. ती थांबली की इंजिन लगेच बंद करावे आणि तिच्या छिद्रात बारीक तार घालून आधी तेच चोंदलेले नाही ना हे पाहावे. पुढील विवेचन मात्र हीट एक्स्चेंजर असलेल्या आतल्या डिझेल इंजिनाविषयी आहे.

समुद्रात काटा चढला तर

काटा वर जाताना दिसताच प्रथम वेग कमी करून इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर (भाराशिवाय, कमीत कमी वेगावर) आणावे आणि कडेला जाऊन खारे पाणी बाहेर पडते आहे का हे पाहावे. पाणी नेहमीसारखे पडत असेल आणि ऑइलचा दाब ठीक असेल, तर इंजिन काही मिनिटे तसेच हळू चालू ठेवणे हिताचे असते, कारण पाणी फिरत असताना हेडमधली उष्णता सावकाश उतरते. एकदम बंद केल्यास फिरणे थांबते आणि हेडच्या आतले पाणी जागच्या जागी उकळू शकते. पाणी पडत नसेल, फक्त वाफ येत असेल, किंवा ऑइलचा दाब घसरत असेल, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. त्यापूर्वी बोट खडकांकडे किंवा दुसऱ्याच्या जाळ्याकडे वाहत जाणार नाही इतके पाहून नांगर टाकण्याची तयारी ठेवावी. किनाऱ्याजवळ वारा आत वाहत असताना इंजिनापेक्षा बोट आणि माणसे महत्त्वाची असतात. अशा वेळी व्हीएचएफ वायरलेसच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर लवकर कळवावे. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

तापलेल्या इंजिनाच्या हेडर टाकीचे झाकण उघडू नये. हे वाक्य प्रत्येक पुस्तिकेत असते आणि तरीही भाजलेले हात बंदरावर दिसतात. झाकण दाब धरून ठेवते, म्हणूनच आतले पाणी १०० अंशांच्या वरही द्रव राहते. ०.५ बार दाबाच्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे १११ अंशांना उकळते, तर १ बारच्या झाकणाखाली सुमारे १२० अंशांना. झाकण सोडताच दाब नाहीसा होतो आणि पाणी एका क्षणात उकळून वाफेसह अंगावर येते. वरचा होज (रबरी नळी) हाताने दाबता येईल इतका मऊ आणि कोमट होईपर्यंत थांबावे, नंतर जाड ओले फडके ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि दाब निघून गेल्यावर पूर्ण काढावे. गरम ब्लॉकमध्ये थंडगार पाणी एकदम ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो, म्हणून तेही थांबूनच करावे.

काटा खरे सांगतो का

इंजिन उघडण्याआधी तापमापकाची परीक्षा घ्यावी. खाऱ्या हवेत सेन्सरच्या टोकावर गंज चढतो, अर्थिंगची तार सैल होते आणि काटा मनाला येईल तिथे जातो. दिवे लावल्यावर काटा उडी मारत असेल तर दोष तारेत आहे. खात्रीसाठी थर्मोस्टॅटच्या घराजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर रोखावा. हे उपकरण आता स्वस्त झाले आहे आणि प्रत्येक बोटीवर असावे. मात्र चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियमवर ते प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी आकडे दाखवते, म्हणून मोजण्याच्या प्रत्येक जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा कायमचा चिकटवून ठेवावा आणि त्यावरच रोखावे.

याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो. काटा आधी चढतो आणि मग अचानक खाली येतो, तेव्हा खलाशी सुटकेचा श्वास सोडतात. पण सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच बरोबर माप देतो. पाणी निघून गेल्यावर तो हवेत उघडा पडतो आणि इंजिन भाजून निघत असतानाही कमी आकडा दाखवू शकतो. चढलेला काटा कारणाशिवाय उतरला तर इंजिन बंद करून पातळी तपासणे हेच योग्य.

केव्हा तापते याची चौकशी

यानंतर तांडेलाला नीट प्रश्न विचारावेत. बंदरातून निघताच तापते, की जाळे ओढताना? हळूहळू की एकाएकी? फेऱ्या कमी केल्यावर उतरते का? सुरू केल्यापासून थोड्याच वेळात तापणारे इंजिन बहुधा खाऱ्या पाण्याशिवाय चालत असते, किंवा त्याचा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असतो, किंवा आत हवा अडकलेली असते. रिकाम्या फेऱ्यांवर ठीक आणि भार आला की तापणारे इंजिन अर्धवट चोंदलेल्या मार्गाची खूण देते: स्ट्रेनर, झिजलेला इम्पेलर, क्षार बसलेला हीट एक्स्चेंजर. आठवड्यागणिक थोडे थोडे वर सरकणारे तापमान नळ्यांत साचत जाणाऱ्या थराकडे बोट दाखवते. बंद केल्यानंतर काही मिनिटे काटा थोडा वर जाणे हा दोष नाही. पंप थांबल्याने धातूतली उष्णता पाण्यात उतरते, इतकेच.

भाराच्या बाबतीत इंजिनावर आळ घेण्यापूर्वी पंखा, म्हणजे बोटीचा प्रोपेलर, पाहावा. पंख्यात नायलॉनचे जाळे गुंडाळले गेले असेल, तळावर शिंपल्यांची वाढ झाली असेल किंवा वाकलेली पाती तशीच ठेवली असतील, तर इंजिन जादा काम करते, काळा धूर सोडते आणि शीतकरण निर्दोष असूनही तापते. एखाद्याला पाण्यात उतरवून पंखा तपासायला फारसा वेळ लागत नाही. इंजिन बंद करून चावी खिशात ठेवूनच उतरवावे.

खाऱ्या पाण्याचा मार्ग, समुद्रापासून समुद्रापर्यंत

आपल्याकडील बहुसंख्य दोष या मार्गात सापडतात, म्हणून शोध येथूनच आणि पाण्याच्याच दिशेने करावा. मधूनच कुठेतरी सुरुवात करणारा मिस्त्री बहुधा तोच भाग दोनदा खोलतो.

पहिली जागा सी-कॉक. आपल्या खाड्यांत, मग ती दाभोळची वाशिष्ठी असो वा साखरीनाट्याजवळची जैतापूरची खाडी, सुकतीला (ओहोटीला) अनेक बोटी चिखलात बसतात. त्या अवस्थेत इंजिन सुरू केले, किंवा बोट तरंगताच घाईने निघाले, की गाळ थेट आत ओढला जातो. तळाच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटणे हाही नेहमीचा प्रकार आहे. इंजिन बंद केल्यावर ती सुटून जाते, म्हणून तपासताना काहीच सापडत नाही आणि पुन्हा निघाल्यावर बोट पुन्हा तापते. परीक्षा अशी: इंजिन बंद ठेवून सी-कॉक बंद करावा, त्याच्या वरचा होज सोडून हातात धरावा आणि सी-कॉक हळूच उघडावा. तोंड पाण्याच्या पातळीखाली असल्याने जोरदार, भरगच्च धार यायला हवी. धार बारीक असेल तर अडथळा तळाशीच आहे. हे करताना योग्य मापाची निमुळती लाकडी खुंटी हाताशी असावी, कारण जुना सी-कॉक कधी कधी उघडतो पण पुन्हा बंद होत नाही.

दुसरी जागा स्ट्रेनर. जाळी धुणे सर्वांना माहीत असते. झाकणाच्या रबरी रिंगकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. स्ट्रेनर पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रिंग वाळून चिरली असेल तर तिथून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. बाहेरून काही गळताना दिसत नाही, पण पंपाला पाण्यासोबत हवा मिळते आणि बाहेर पडणारी धार तुटक, फसफसणारी होते. पारदर्शक झाकण असेल तर इंजिन चालू असताना आत बुडबुडे दिसतात. ओढीच्या होजचाही असाच छुपा दोष असतो. आतून सुटलेला किंवा तारेचा आधार नसलेला होज जास्त फेऱ्यांवर आत चेपतो आणि फेऱ्या कमी होताच पुन्हा फुगतो. तो प्रत्यक्ष चालू स्थितीतच पाहावा लागतो.

तिसरी जागा पंप. खाऱ्या पाण्याशिवाय काही क्षण चालला तरी रबरी इम्पेलरची पाती तापून फाटू लागतात. झाकण काढून पाती मोजावीत, प्रत्येकीच्या मुळाशी बोटाने वाकवून चीर पाहावी आणि मधले रबर पितळी गाभ्यावरून सुटून फिरत तर नाही ना हे तपासावे. हा शेवटचा दोष वरून दिसत नाही: इम्पेलर अखंड दिसतो, पण शाफ्ट आतल्या आत घसरत असतो. एखादे पाते तुटलेले आढळले तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तो तुकडा पुढे कुठेतरी अडकलेला असतो, बहुधा ऑइल कूलरच्या किंवा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी, आणि तो हाती लागेपर्यंत शोधावा. सगळे तुकडे जुळवून पूर्ण पाते तयार झाले की मगच जोडणी करावी. नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा भांड्यांचा साबण लावावा, ग्रीस नको, आणि पात्यांची टोके फिरण्याच्या दिशेच्या मागे वाकलेली असावीत. वाळू आणि गाळाने पंपाचे झाकण आतून खोल घासले गेले असेल तर नवा इम्पेलरही पुरेसे पाणी देत नाही. अनेक झाकणे उलटून वापरता येतात. पंप पट्ट्यावर चालत असेल तर पट्ट्याचा ताण आणि चकाकी दोन्ही पाहाव्यात, कारण चकचकीत झालेला पट्टा भार आल्यावर घसरतो. पंपाच्या खालच्या छिद्रातून खारे पाणी ठिबकत असेल तर सील गेले आहे आणि बेअरिंगही फार दिवस टिकणार नाही.

या टप्प्याचा शेवट बादलीने करावा. ठरावीक फेऱ्यांवर, समजा १०००, बाहेर पडणारे खारे पाणी बादलीत घेऊन ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. इंजिन निरोगी असताना हाच आकडा लिहून ठेवला असेल तर आजच्या आकड्याला अर्थ येतो. एकट्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

एक सावधगिरी ओल्या एक्झॉस्टच्या, म्हणजे खारे पाणी धुराच्या नळीतूनच सोडणाऱ्या, बोटींसाठी. इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर बराच वेळ मारत राहिल्यास पंप सायलेन्सरमध्ये पाणी भरत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो, आणि शेवटी पाणी मागे सिलिंडरमध्ये शिरते. अशा वेळी सी-कॉक बंद ठेवून स्टार्टर मारावा आणि इंजिन धरताच लगेच उघडावा. तो उघडण्याची जबाबदारी एका माणसाला नेमून द्यावी.

हीट एक्स्चेंजर: चार ठिकाणचे तापमान

पाणी पुरेसे बाहेर पडत असूनही इंजिन तापत असेल, तर हीट एक्स्चेंजरच्या चार तोंडांवर तापमान मोजावे: खारे पाणी आत आणि बाहेर, कूलंट आत आणि बाहेर. मासेमारीच्या हंगामात आपल्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी साधारण २६ ते ३० अंश असते, म्हणून खाऱ्या पाण्याच्या आतल्या तोंडाचे माप जवळपास ठरलेले असते. मोजमाप भार देऊन, तापमान स्थिर झाल्यावर करावे.

खारे पाणी बाहेर पडताना फारच गरम असेल तर उष्णता त्याच्यात उतरते आहे, पण पाणीच थोडे आहे, म्हणजे मागे जाऊन पंप आणि स्ट्रेनर पाहावा. खारे पाणी जेमतेम कोमट आणि कूलंटही आत जाताना आणि बाहेर येताना जवळपास सारखाच गरम असेल, तर दोघांच्या मध्ये थर आहे आणि नळ्या साफ कराव्या लागतील. कूलंट आत गरम आणि बाहेर बराच थंड, तरीही इंजिन तापलेले, असे असेल तर कूलंट हळू फिरतो आहे. आणि इंजिनाचे हेड तापलेले असताना एक्स्चेंजरकडे जाणारा कूलंटचा होजच थंड असेल, तर कूलंट तिथे पोहोचतच नाही. दोष थर्मोस्टॅटचा, अडकलेल्या हवेचा किंवा गोड्या पाण्याच्या पंपाचा आहे. ही चार मापे दहा मिनिटांत होतात आणि दिवसभराची खोलाखोल वाचवतात. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे आणि नेमका तोच बंदरावर सर्वांत कमी वापरला जातो.

नळ्या साफ करताना टोकाची झाकणे काढून आत लाकडी किंवा पितळी काडी सावकाश फिरवावी. लोखंडी सळी ठोकल्यास पातळ नळी फाटते आणि साफसफाईतूनच गळती जन्माला येते. घट्ट क्षारांसाठी सौम्य सायट्रिक ॲसिडचे द्रावण चालते. बाजारातले शौचालय साफ करायचे तीव्र ॲसिड ॲल्युमिनियम आणि डाखकामाला खाते, म्हणून ते वापरू नये. झिंकची पेन्सिल (गंजापासून बाकीचा धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारी जस्ताची कांडी) त्याच वेळी काढून पाहावी आणि निम्म्याहून अधिक झिजली असेल तर बदलावी. तिच्या तुटलेल्या कण्याही नळ्यांच्या तोंडाशी साचून वाट अडवतात.

थर्मोस्टॅट, हवा आणि एक चुकीची प्रथा

थर्मोस्टॅट तपासायला भांडे, पाणी आणि थर्मामीटर पुरतो. त्याच्या झडपेत दोरा अडकवून तो पाण्यात लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये. पाणी तापू लागले की ज्या अंशाला तो दोऱ्यावरून निसटतो तो त्याचा उघडण्याचा आकडा होय. तो थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे, आणि त्यानंतर पाणी उकळेपर्यंत झडप पूर्ण उघडली पाहिजे.

आपल्याकडे हवा गरम, मग थर्मोस्टॅट कशाला, असे म्हणून तो काढून टाकण्याची प्रथा किनाऱ्यावर रुजली आहे. ती सोडून द्यावी. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बगलेची वाटही बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची मोकळी राहते, कूलंटचा बराच भाग एक्स्चेंजरला टाळून तसाच गरम परत फिरतो आणि भाराखाली इंजिन आधीपेक्षा जास्त तापते. उलट हळू चालताना तेच इंजिन पुरेसे गरम होत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, ते ऑइलमध्ये मिसळते आणि लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, लवकर झिजतात. ज्याने थर्मोस्टॅट काढून तापण्याचा दोष दूर केला, त्याने बहुधा अर्धवट चोंदलेला एक्स्चेंजर काही काळ झाकून ठेवला.

पाणी बदलल्यानंतर लगेच तापू लागलेल्या इंजिनात हवा अडकलेली असण्याची शक्यता मोठी असते. हेडच्या सर्वांत उंच जागचे हवा सोडण्याचे स्क्रू सैल करून सावकाश भरावे, मग झाकण उघडे ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हळू चालवावे आणि उतरणारी पातळी भरत राहावी. ट्रकचे इंजिन बोटीत तिरपे बसवलेले असते, त्यामुळे हवा ट्रकमध्ये साचते त्या ठिकाणी साचेलच असे नाही.

कूलंट जातो कुठे

आता दुसरी तक्रार: तापमान ठीक, पण पातळी रोज उतरते. प्रथम खोटी गळती वगळावी. तापल्यावर कूलंट सुमारे ४ टक्के फुगतो. २० लिटरच्या संचात हे पाऊण लिटरच्या आसपास होते. टाकी काठोकाठ भरली तर तेवढे पाणी पहिल्याच प्रवासात बाहेर जाते आणि पातळी एका ठिकाणी येऊन थांबते. रोज काठापर्यंत भरणारा खलाशी मग रोजच गळती सांगतो. पातळी आपोआप स्थिरावते का हे दोन-तीन दिवस काही न भरता पाहावे.

पातळी उतरतच राहिली तर झाकणाकडे यावे. झाकणात दोन झडपा असतात. मोठी ठरलेल्या दाबापर्यंत पाणी धरून ठेवते, लहान इंजिन थंड होताना बाहेरच्या बाटलीतले पाणी परत आत घेते. स्प्रिंग गंजली किंवा रबर कडक झाले की पाणी आधीच बाहेर पडते आणि परत येत नाही. त्यावर लिहिलेल्या दाबाचेच नवे झाकण लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. जास्त दाबाचे झाकण लावल्याने गळती थांबत नाही, फक्त नवी जागा शोधते.

बाहेरची गळती गरम इंजिनावर दिसत नाही, कारण थेंब पडण्याआधीच सुकतो. म्हणून थंड इंजिनावर हातपंपाच्या प्रेशर टेस्टरने झाकणावरील आकड्याइतका दाब द्यावा आणि पंधरा मिनिटे काटा पाहावा. दाब उतरत असेल तर टॉर्च घेऊन क्लिपांखाली, गोड्या पाण्याच्या पंपाच्या छिद्राखाली, ब्लॉकच्या कडेच्या गोल बुचांवर आणि गॅस्केटच्या कडेने हात फिरवावा. सुकलेल्या रंगीत पापुद्र्याच्या रेषा जुन्या गळतीची जागा सांगतात. बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाची पोकळी, आधी कोरडे पुसून त्यात पांढरा कागद अंथरला तर नवा थेंब चटकन ओळखू येतो.

दाब उतरतो, पण बाहेर एकही थेंब नाही, अशा वेळी वाटा तीन उरतात. पहिली, हीट एक्स्चेंजरच्या फुटलेल्या नळीतून समुद्रात. इंजिन गरम असताना कूलंटचा दाब खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे तो खाऱ्या पाण्यात मिसळून मागमूस न ठेवता निघून जातो. मात्र सुरुवातीच्या थंड मिनिटांत परिस्थिती उलटते आणि पंपाच्या दाबाने खारे पाणी कूलंटमध्ये शिरते. कूलंट चाखून खारटपणा पाहण्याची सवय जीवघेणी आहे, कारण त्यातले ग्लायकॉल विषारी असते. त्याऐवजी नव्या मिश्रणाचा नमुना आणि टाकीतला नमुना यांचे माप टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) ताडून पाहावे. मोठी तफावत संशय पक्का करते. खात्रीसाठी एक्स्चेंजर काढून त्याची कूलंटची तोंडे बंद करावीत, पाण्यात बुडवावा आणि झाकणाच्या दाबाइतकी हवा द्यावी. बुडबुडे कोणत्या नळीतून येतात ते दिसते. ऑइल कूलरची परीक्षाही याच रीतीने होते.

दुसरी वाट हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधले पातळ सील) किंवा हेडचा तडा. थंड इंजिन सुरू केल्यानंतर एक-दोन मिनिटांतच, पाणी गरम होण्याआधी, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. हेडर टाकीत सतत बुडबुडे येणे, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि जळलेला वायू ओळखणाऱ्या निळ्या द्रावणाच्या चाचणीत द्रावणाचा रंग हिरवा किंवा पिवळा होणे ही त्याचीच लक्षणे आहेत. रात्रभर उभ्या राहिलेल्या अशा इंजिनात सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, म्हणून स्टार्टर मारण्यापूर्वी इंजेक्टर काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावा, अन्यथा कनेक्टिंग रॉड वाकतो.

तिसरी वाट ऑइलच्या संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात. ट्रकवरून आलेल्या अनेक इंजिनांत ओले, म्हणजे बाहेरून थेट कूलंटला लागून असलेले, लायनर असतात. त्यांच्या खालच्या रबरी रिंगा थकल्या, किंवा गंजरोधक नसलेल्या पाण्यामुळे लायनरच्या बाहेरच्या भिंतीला बारीक छिद्रे पडली, की पाणी खाली उतरते. सकाळी संपचा नट किंचित सैल करावा. पाणी जड असल्याने आधी तेच बाहेर येते. ऑइल दुधाळ झाले असेल तर ते इंजिन एक तासही चालवू नये, कारण बेअरिंगचा खर्च लायनरच्या रिंगांच्या कितीतरी पट असतो.

पुन्हा भरायचे पाणी

किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि तेच डब्याने टाकीत जाते. लायनरची छिद्रे आणि एक्स्चेंजरमधला थर यांचे मूळ बऱ्याचदा या डब्यातच असते. डिस्टिल्ड, म्हणजे बॅटरीचे पाणी आणि कूलंट समप्रमाणात मिसळून वापरावे. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नसली तरी कूलंट गंज रोखतो आणि उकळबिंदू वाढवतो, आणि इथे तेच हवे असते. वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. भर समुद्रात दुसरा उपाय नसेल तर पिण्याचे पाणी घालावे. तेही संपले आणि जीवाचा प्रश्न असेल तर समुद्राचे पाणी घालून बंदर गाठावे, मात्र पोहोचताच त्याच दिवशी संच गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन काढावा.

बंदीनंतरची पहिली चाचणी

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोट किनाऱ्यावर ओढलेली असते आणि इम्पेलर दोन महिने एकाच स्थितीत वाकून बसतो. त्याची पाती तशीच आकार धरतात, म्हणून बोट ओढल्यावरच तो काढून ठेवावा आणि समुद्रात उतरवताना बसवावा. खाऱ्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुऊन रिकामा केला नसेल तर आत राहिलेले लहान शिंपले मरून त्यांची कवचे सुटतात आणि पहिल्याच प्रवासात नळ्यांच्या तोंडाशी जमतात. हवा सोडण्याच्या उघड्या नळ्यांत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, तीही पाहून घ्यावी.

हंगामाच्या पहिल्या फेरीला बंदराजवळच पूर्ण भार देऊन अर्धा तास चालवावे आणि एक्स्चेंजरची चार तापमाने, बादली भरण्याचे सेकंद, इंजिनाच्या फेऱ्या, ऑइलचा दाब आणि थंड असतानाची टाकीची पातळी इंजिनखोलीच्या दारामागे रंगाने लिहून ठेवावी. बोटीवर एक इम्पेलर त्याच्या गॅस्केटसह, एक थर्मोस्टॅट, एक झाकण, पट्टा, प्रत्येक मापाच्या दोन क्लिपा, होजचा तुकडा, लाकडी खुंट्या आणि १० लिटर तयार मिश्रण असावे. इम्पेलर विकत घेताना जुना सोबत नेऊन पात्यांची संख्या आणि गाभ्याची खाच ताडून घ्यावी, कारण दिसायला सारखे असणारे इम्पेलर शाफ्टवर बसतीलच असे नाही.